भोंग्याच्या टप्प्यातला ऊस

२०२५-२६ हंगामाची पहिली बिलं निघाली, त्या दिवशी आमच्या साखर कारखान्यात माझ्या बिलाच्या खिडकीवर करवीर तालुक्यातले एक आजोबा आले. ३८.४२० टन ऊस, जात को ८६०३२, कारखान्यापासून अंतर ४ किलोमीटर. बिलावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, माझं रान भोंग्याच्या टप्प्यात, कारखान्याचा भोंगा घरात ऐकू येतोय. वाहतूक एवढी कशी काय कापलीसा?"

उसाचा दर ठरतो तो एफआरपीनं, म्हणजे सरकारनं ठरवलेला रास्त व किफायतशीर दर. २००९ साली किमान दराच्या जागी हा आला, तेव्हापासून 'रास्त' हा शब्द सरकारी कागदावर आहे. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला, टनाला ३,५५० रुपये होते आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६०. आमचा धरलेला उतारा १२.५०, म्हणजे ७७८.५० वाढले, दर झाला ४,३२८.५०. यातून तोडणी-वाहतूक ९५० वजा, हातात ३,३७८.५०. चौदा दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, हेही कायद्यात आहे. इथवर कुणी भांडत नाही. भांडण त्या ९५० च्या एका ओळीचं असतं.

त्यात तोडणी ४८० आणि वाहतूक ४७०. तोडणी सगळ्यांना सारखीच. वाहतूक मात्र सरासरीची, चार किलोमीटरवाल्यालाही तीच आणि पंचावन्नवाल्यालाही तीच. आजोबांच्या अंतराला खरा खर्च २२० च्या आसपास बसतो. टनामागं २५० जादा, म्हणजे ३८.४२० टनांना ९,६०५ रुपये. वर फडात तोडणीच्या टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एंट्री म्हणून वरचे पैसे दिलेले असतात, ते कुठल्याच बिलावर येत नाहीत. ही खुशाली-एंट्री उघड लूट आहे आणि ती थांबवायची धमक कुणी दाखवत नाही.

वाहतुकीची सरासरी मात्र मुळातच चुकीची, असं मला वाटत नाही. भुदरगड-राधानगरीच्या डोंगराकडच्या सभासदानंही शेअर्स घेऊनच कारखाना उभा केला. त्याच्याकडून अंतराप्रमाणं वाहतूक कापली तर तो ऊस लावायचंच सोडेल. उताऱ्याचंही असंच, तोही सगळ्यांचा सरासरीच. ८६०३२ गोडीला उजवा, २६५ जातीचा वजनाला उजवा, दर दोघांना एकच. ८६०३२ वाला कुरकुरतो, पण टनेज बघून पुढच्या वर्षी स्वतःच २६५ लावतो.

माझं मन अडकलं ते दुसऱ्या आकड्याशी. त्या संध्याकाळी ऊस कुठल्या भागातून आला त्याप्रमाणं वाहतूक वेगळी करून बघितली. गाळपातला चौथाई ऊस कार्यक्षेत्राबाहेरचा, शंभर किलोमीटरवरून ओढून आणलेला. त्याची वाहतूक टनाला ६९५. तो बाजूला काढला तर सभासदांची सरासरी ३९५ वर येते. म्हणजे आजोबांच्या २५० पैकी १७५ लांबच्या सभासदासाठी गेले, ते मी त्यांना समजावू शकतो. उरलेले ७५ कारखान्यानं गाळप वाढवायला आणलेल्या उसाचे. ते त्यांच्या बिलातून कापणं रास्त नाही. गाळप वाढवायचा निर्णय कारखान्याचा, तर तो खर्चही कारखान्यानंच सोसायला हवा. त्यांच्यापुरती ही रक्कम २,८८१ रुपये ५० पैसे, खोडव्याला घालायच्या युरियाच्या दहा पोत्यांहून जास्त.

तक्ता वरच्या साहेबांना दाखवला. "एवढं फोडून दिलं तर रोज खिडकीवर भांडणं होतील," म्हणाले.

आजोबा आठवड्यानं परत आले. हा तक्ता मी त्यांना हातानं लिहून दिला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि विचारलं, "बाहेरच्या उसाची ओळ निराळी छापायला काय अडचण हाय?"

छपाईच्या नमुन्यात एक रकाना वाढवायचा, एवढंच काम आहे. दुसऱ्या पंधरवड्याची बिलं जुन्याच नमुन्यात निघाली.