महापौर झालं की आमदारकी पक्की का?

तुम्ही विचारलंत म्हणून. ठाण्यात कट्ट्यावर निवडणुकीचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: एकदा महापौर झालं की पुढची पायरी आमदारकीच ना? मला विचाराल तर ती पायरी नाहीच.

नावंच बघा. राजन विचारे महापौर होते, मग 2009 ला ठाण्यातून आमदार, 2014 ला खासदार. हा झाला सरळ जिना. पण ठाण्याचे पहिले महापौर सतीश प्रधान राज्यसभेत गेले, नवी मुंबईचे पहिले महापौर संजीव नाईक 2009 ला लोकसभेत. आणि एकनाथ शिंदे महापौर झालेच नाहीत: 1997 ला नगरसेवक, 2001 ला सभागृह नेते (म्हणजे पालिकेतल्या सत्ताधारी पक्षाचे नेते), 2004 ला आमदार.

महापौरपद अडीच वर्षांचं, तेही सोडतीवर. आरक्षणाची चिठ्ठी निघते मंत्रालयात. ठाण्यातल्या 131 पैकी 66 नगरसेवक खिशात असले आणि चिठ्ठीत प्रवर्ग दुसराच निघाला, तर खुर्ची गेली. उलट ठाणे-नवी मुंबईतले ओवळा-माजिवडा ते बेलापूर हे विधानसभेचे सहाही मतदारसंघ खुले. तिथे चिठ्ठीचा खेळ नाही, उमेदवारीचा आहे.

दुसरं, महापौरांकडे मान आहे, सही नाही. कार्यकारी अधिकार आयुक्तांचे. महापौरांनी गटारासाठी पत्र दिलं की त्यावर 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा पडतो आणि कागद उपअभियंत्याच्या टेबलावर जाऊन बसतो. पैशाच्या मंजुऱ्या 16 जणांच्या स्थायी समितीत, म्हणून मुरलेले नगरसेवक महापौरपदापेक्षा त्या सभापतिपदावर डोळा ठेवतात. (चुकीचं नाही त्यांचं.)

महापौरांचं खरं बळ महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत. पाचपाखाडीच्या नरेंद्र बल्लाळ सभागृहात गोंधळ चाललेला असतो, आयत्या वेळचे, म्हणजे विषयपत्रिकेत नसलेले विषय पुढे येतात, 'मंजूर, मंजूर' होतं. ठरावाखाली सूचक-अनुमोदक कोण आणि शब्द कुठले, हे कळतं पुढच्या सभेत इतिवृत्त (सभेच्या कामकाजाची नोंद) कायम करताना. जो ते इतिवृत्त ओळ न् ओळ वाचतो, तोच पुढे विधानसभेत टिकतो असं माझं मत. पण हा ठरावही पक्का नव्हे. आयुक्तांना तो नियमाविरुद्ध वाटला तर शासनाकडे जातो आणि महापालिका कायद्याच्या कलम 451 खाली नगरविकास खातं तो निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करतं.

म्हणून सगळ्यांची नजर मंत्रालयावर. नवी मुंबईत तर जास्तच. जमीन बरीचशी सिडकोची, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, कारखान्यांचा पट्टा एमआयडीसी या औद्योगिक महामंडळाचा. गावठाणातल्या प्रकल्पग्रस्तांच्या घरांचा प्रश्न पालिकेत सुटणारा नव्हेच.

आमदाराच्याही हातात सही नसते, प्रश्न असतो. तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) स्वीकृत झाला की मंत्रालयातून आयुक्तांकडे माहिती मागवली जाते, आणि महापौरांच्या पत्राला महिनोन्‌महिने न हललेली फाईल टिपणीसह वर सरकते. प्रश्न मात्र नेमका हवा. 'रस्ते खराब आहेत, हे खरे आहे काय' असं विचारलं तर उत्तर येतं 'हे अंशतः खरे आहे', आणि विषय संपतो. रस्त्याचं नाव, कामाचा आदेश कधीचा, बिल किती अदा झालं, हे घातलं की टाळता येत नाही. वर्षाला 5 कोटींचा आमदार निधी असतो, तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो. त्यात समाजमंदिर होतं, उड्डाणपूल नाही.

गाडी अडते कुठे? महापौर असताना अडीच वर्षं फिती कापण्यात जातात आणि स्वतःचा प्रभाग सुटतो. खड्डा पडला की शिव्या महापौरांना, तिजोरी आयुक्तांकडे. त्यात प्रभाग महिला राखीव निघाला की वहिनींचं नाव पुढे येतं. मग विधानसभेच्या तिकिटाच्या वेळी इतकी वर्षं सोबत बसलेले तीन-चार सहकारी अपक्ष अर्ज भरतात. प्रभागातले मतदार ओळखीचे असतात. विधानसभेला तीन लाखांच्या वर मतदार, आणि निम्म्या सोसायट्यांचा वॉचमनही आत सोडत नाही. यादी भागवार फोडून दर केंद्राला माणूस नेमायला वर्षभर आधी बसावं लागतं.

आणि हिशेब. विधानसभेला खर्चमर्यादा 40 लाख, बँकेत वेगळं खातं, निकालानंतर 30 दिवसांत तपशील दाखल. हरलेला उमेदवार नेमका हाच कागद विसरतो आणि सबळ कारण नसेल तर तीन वर्षं अपात्र ठरतो.