पाय गरम होईपर्यंत

मे महिन्याची अखेर. पावसाआधी लाकूडफाटा पडवीत रचायचा म्हणून सगळे कामाला लागलो होतो आणि पाच वर्षांचा धाकटा मध्ये मध्ये लुडबुडत होता. संध्याकाळी सातच्या सुमारास तो किंचाळला. लाकडाखाली तांबूस विंचू, बोटभरसुद्धा नाही. रायगडातल्या आमच्या वाडीत लोक काळ्या इंगळीला भितात, पण पोरांच्या जिवावर उठतो तो हा लाल.

सासूबाई म्हणाल्या, "आधी उतरवून घेऊ." वरच्या आळीतले आजोबा मंत्र घालतात. त्यांच्याकडे दहा मिनिटं गेली. तेवढ्यात पोर घामाने निथळलं, दोनदा ओकलं, हातपाय गार पडले. मग मी कोणाचंच ऐकलं नाही.

रेंज फक्त देवळाच्या पारावर. तिथून १०८ लावला. तालुका कुठला, गाव कुठलं, जवळची खूण काय? "देवळामागची वाडी" म्हटल्यावर पलीकडच्या बाईंना काय कळणार! आमच्या गावात देवळं चार. ही सेवा २०१४ पासून आहे, पैसे पडत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो, सगळं खरं. पण घाट चढून यायला पाऊण तास. शेजारच्या भावजींनी मिनीडोर रिक्षा काढली. मी पुन्हा फोन करून सांगितलं, आम्हीच खाली येतोय, फाट्यावर भेटा. वाटेतल्या उपकेंद्राला कुलूप होतं.

फाट्यावर गाडीतल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "वजन किती?"

तेरा किलो आठशे. गेल्याच आठवड्यात अंगणवाडीच्या ताईंनी "कमी आहे हो" म्हणून मला सुनावलं होतं, त्यामुळे आकडा डोक्यात बसलेला. डॉक्टरांनी तो तसाच पुढे रुग्णालयात कळवला.

तिथे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं आणि प्राझोसिन. रक्तदाबाची साधी गोळी, मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे आमच्या पोराला एक मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्ध्याहून लहान तुकडा. विंचूदंशावर ही गोळी रुळवली ती आमच्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, १९८० च्या दशकात. त्याआधी अशा मुलांच्या फुप्फुसात पाणी भरायचं आणि डॉक्टरांच्या हातात फारसं काही नसायचं.

"उचलायचं नाही हं, आडवाच राहू दे," नर्सताई म्हणाल्या. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. तो "आई, घे ना" म्हणत हात पुढे करत होता आणि मी त्याला घेत नव्हते. अख्ख्या रात्रीत हेच सगळ्यात जड गेलं. त्याचे तळवे मुठीत धरून बसले. तीन तासांनी पुन्हा गोळी, पुन्हा पाय चाचपणं. पहाटे कधीतरी ते कोमट लागले. खात्री वाटेना म्हणून नर्सताईंना हात लावून बघायला लावलं.

आता पारावर पाटी आहे: वाडीचं पूर्ण नाव, कुठल्या फाट्यावर गाडी बोलवायची ते, मिनीडोरवाल्या दोघांचे नंबर आणि खाली "मुलाचं वजन सांगा". तशीच एक आजोबांच्या दारावर आहे. ती त्यांनीच मागून घेतली.