माल खाली करायच्या आधी भाव

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या घरी पहिली चारचाकी आली. गाव दारव्ह्याकडचं, यवतमाळ जिल्हा, सहा एकर कापूस अन् तूर, मी तालुक्याला नोकरीवर जातो, आणि माय गुडघ्यापायी एसटीच्या पायऱ्या चढू शकत नाही म्हणून शेवटी घ्यायचीच असं ठरलं. तेव्हापासून गावात ज्याला गाडी घ्यायची आहे तो भेटला की पहिले विचारते, डिस्काउंट किती पाडला? मी त्याला सांगतो की डिस्काउंटचं नंतर, आधी पट्टी वाच. हे मला बाबांनी शिकवलं.

पट्टी म्हणजे काय हे आपल्याकडं कोणाला सांगायला नको. सोयाबीन नेलं, तूर नेली की शेवटी हातात कागद येते, वर भाव लिहिलेला, खाली हमाली, तोलाई अन् काय काय कटून तिसराच आकडा. बाबांनी चाळीस वर्षं हेच कागद वाचले. त्यामुळं यवतमाळच्या शोरूममधल्या पोरानं कोटेशन समोर ठेवलं तेव्हा मी वरची एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ अन् इन्शुरन्स धरायच्या आधीची किंमत, पाहून राहिलो होतो आणि बाबांचं बोट थेट खालच्या ओळीवर. "हे कायचे, भाऊ?"

"काका, ते हँडलिंग चार्जेस. साडेआठ हजार."

"गाडी तं इथंच उभी हाय. हँडल कोणी केली?"

पोरगा चांगला होता, हे आधीच लिहून ठेवतो. सेल्सवाल्यांना लोक उगाच चोर समजतात. त्याला महिन्याचं टार्गेट असते, अॅक्सेसरी अन् इन्शुरन्स विकला तर त्याचा इन्सेंटिव्ह बनते, आणि समोरचा गिऱ्हाईक विचारतच नसेल तर तो का म्हणून सांगेल? मॅनेजरकडं जाऊन आला आणि हँडलिंगची ओळ पेनानं खोडली. एक प्रश्न विचारला आणि साडेआठ हजार गेले. मी एकटा असतो तर विचारलंच नसतं, कारण मला वाटलं असतं की छापलेलं आहे म्हणजे द्यावंच लागते.

मग आम्ही एकेक ओळ घेतली. आरटीओ टॅक्स सरकारचा, त्यात भांडायचं कारण नाही, आपल्या महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर १० लाखाच्या आतली पेट्रोल कार असली की ११ टक्के. पण 'बेसिक किट' सतरा हजाराची, त्यात मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर, कोटिंग. "कंपल्सरी आहे" म्हणे. कंपल्सरी काहीच नसते त्यात. मॅट आणि मडफ्लॅप आम्ही बाहेरून घेतले, बाकी लागलंच नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी पण त्याच दिवशी घेतली पाहिजे असं नाही, कंपनीची वॉरंटी चालू असेपर्यंत बहुतेक वेळा नंतरही घेता येते.

सगळ्यात मोठी ओळ इन्शुरन्सची. शोरूमचा आकडा ३६ हजार. नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, घ्यावाच लागते, १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे, आणि त्याचा रेट ठरलेला, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तेव्हा १०,६४० अधिक जीएसटी, कुठूनही घ्या तोच. म्हणजे जो फरक पडते तो सगळा ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) अन् वरच्या अॅडऑनमध्ये, म्हणजे जास्तीच्या कव्हरमध्ये. मी रात्री मोबाईलवर तीच आयडीव्ही (गाडी चोरी गेली तर विम्यातून जास्तीत जास्त मिळते ती रक्कम), तेच झिरो डेप (पार्ट बदलले तर घसारा न कापणारं कव्हर) टाकून पाहिलं तर २७ हजार. शोरूममधूनच पॉलिसी घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही. स्क्रीनशॉट दाखवला, पोरगा म्हणे बाहेरून घेतली तर क्लेमला त्रास होईल, बाबा म्हणाले मग तुम्हीच २७ मध्ये करून द्या, त्रास बी नाही अन् वाद बी नाही. साडेसत्तावीसमध्ये झालं. फक्त आयडीव्ही तीच आहे ना हे पाहजा, कारण आयडीव्ही कमी करूनही प्रीमियम कमी दाखवता येते आणि मग गाडी चोरीला गेली की नुकसान आपलं.

आता जीएसटीचं, कारण आम्ही नेमके त्याच गडबडीत होतो. ३ सप्टेंबरला काउन्सिलचा निर्णय आला की २२ तारखेपासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के. आधी छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी अन् वरून १ टक्का सेस, म्हणजे २९. मधले दिवस पितृपक्षाचे, तेव्हा तशीही आपल्याकडं कोणी गाडी उचलत नाही, त्यात लोक रेटसाठी थांबलेले, शोरूम एकदम सुनं. पोरानं ऑफर दिली की २१ च्या आत बिल केलं तर ४० हजार सूट. ऐकायला भारी वाटते. पण हिशोब साधा आहे, एक्स-शोरूम ६ लाख ४५ हजार, त्यातला २९ टक्के टॅक्स काढला तर उरते ५ लाख, त्यावर १८ लावले की ५ लाख ९० हजार. म्हणजे ५५ हजार तसेच कमी होणार होते, आणि आरटीओचे ११ टक्के पण कमी किमतीवर लागणार, ते आणखी सहा हजार. ४० घेऊन आम्ही २१ हजारानं बुडलो असतो.

म्हणून आम्ही एक केलं. घासाघीस पितृपक्षातच केली, जेव्हा त्यांना गिऱ्हाईक पाहिजे होतं, आणि बिल घटस्थापनेनंतरचं, म्हणजे २२ नंतरचं ठरवलं. यवतमाळ, अमरावती अन् नागपूर तिन्हीकडचं कोटेशन हातात होतं, नागपूरचं सर्वात कमी, ते टेबलावर ठेवलं आणि गप बसलो. हे गप बसणं मला लय जड जाते, मला वाटते समोरच्याला वाईट वाटेल, पण बाबा बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे केलेला माणूस, ते आरामात चहा पीत होते. १५ हजार सूट मिळाली, नव्या रेटवर.

आणि इथंच बाबांची दुसरी गोष्ट. पोरगा म्हणाला सर ११ हजार बुकिंग टाकून द्या, बाकी आपण बसून करू. बाबांनी माझा हात धरला. कापूस जिनिंगवर नेला, भाव ठरला, गाडी खाली झाली आणि मग व्यापारी म्हणते ओलावा जास्त, कवडी (खराब कापूस) जास्त, इतके कटतील. गाडी खाली झालेला शेतकरी काय करेल, पुन्हा भरून घरी नेईल? मी लहान असताना त्यांच्यासोबत गेलो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ते काहीच बोलले नव्हते, परतीच्या वाटेनं पण नाही. म्हणून शोरूममध्ये त्यांनी सरळ सांगितलं, "पहिले लिहून द्या, मंग पैसे." सगळ्या ओळी, सूट, '२२ नंतरच्या रेटनं बिल', बुकिंग रद्द केली तर पूर्ण परत, हे शिक्का मारून घेतलं आणि मगच पैसे टाकले, तेही डीलरच्या खात्यात, कोणाच्या फोन नंबरवर नाही. कॅश न्यायचा विचार असेल तर २ लाख किंवा त्याच्या वर रोख घेताच येत नाही, २०१७ पासून कायदाच आहे.

लोनबद्दल थोडं लिहितो कारण माझा मावसभाऊ यात फसला. त्याला शोरूममध्येच एका फायनान्सवाल्यानं सांगितलं "फक्त ७ टक्के". ते फ्लॅट होते, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवरच. ५ लाख, ५ वर्षं, ७ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता ११,२५०. तेच बँकेत ९ टक्के रिड्यूसिंगनं, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज, १०,३७९. पाहायला ७ लहान आणि ९ मोठं, पण ते ७ खरं तर साडेबारा पडते, आणि ५ वर्षांत फरक ५२ हजारांचा. विचारायचं एवढंच, फ्लॅट की रिड्यूसिंग, आणि हप्ता गुणिले महिने किती होते.

बिल अन् पासिंगच्या (आरटीओ नोंदणीच्या) आधी यार्डात जाऊन गाडी पाहिली. टायरवर चार आकडे असतात, २८२५ म्हणजे २०२५ चा २८ वा आठवडा. बनल्याचा महिना पाहिला, किलोमीटर पाहिले, चेसिस नंबरचा फोटो काढून बिलाशी ताडून पाहिला. डाव्या दारावर बारीक ओरखडा निघाला, तेव्हा सांगितला म्हणून त्यांनी दुसरी गाडी दिली.

गाडी आली त्या दिवशी मायनं नारळ फोडला आणि पुढच्या सीटवर बसून देवळापर्यंत गेली, पायरी चढायचं कामच नाही. बाबांनी बिल मागून घेतलं, चष्मा लावून वरून खालपर्यंत वाचलं आणि ज्या तारेला कापसाच्या पट्ट्या टोचून ठेवतात तिलाच टोचलं. पहिली सर्व्हिस पुढच्या महिन्यात होती. बाबा म्हणाले मी बी येतो.