ठिपके दिसले म्हणजे दाह झाला, असं नाही

उंदरांत प्रायोगिक स्वयंप्रतिकारक युव्हेइटिस (शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे डोळ्याच्या आत होणारा दाह) घडवायचा असेल तर इंजेक्शन भरण्याआधी उंदराचा वंश तपासा. सी५७बीएल/६एन (पुढे नुसतं ६एन) या वंशात सीआरबी१ जनुकाचं आरडी८ म्हणून ओळखलं जाणारं उत्परिवर्तन असतं. ते बाजारात मिळणाऱ्या उंदरांत आणि त्यांच्या मूलपेशींतही आहे, हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. या मूलपेशींपासून तयार केलेल्या नॉकआउट (एखादं जनुक बंद केलेल्या) उंदरांत ते आपोआप येतं. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की दृष्टिपटलाच्या थरांना चुण्या पडतात आणि फंडसवर (बाहुलीतून दिसणाऱ्या डोळ्याच्या मागच्या आतल्या पृष्ठभागावर), मुख्यतः खालच्या भागात, पांढरट-पिवळे ठिपके दिसतात. दाहातही चुण्या पडतात, म्हणून डोळ्याचा नुसता सूक्ष्मदर्शकी छेद पाहून हमखास फसगत होते.

सर्वांत मोठी चूक नियंत्रण गटात होते. नॉकआउट ६एनचा आणि विकत आणलेला नियंत्रण गट ६जेचा (सी५७बीएल/६जे, हे उत्परिवर्तन नसलेला जवळचा वंश) असेल, तर दिसणारा फरक आरडी८मुळेही असू शकतो. नियंत्रणाला एकाच विणीतली भावंडंच घ्या. आरडी८ आहे का ते पाहायला शेपटीच्या तुकड्यावर पीसीआर (डीएनए चाचणी) करा. एकच प्रत सदोष असेल तर काळजी नाही, दोष अप्रभावी आहे, म्हणजे एका प्रतीने परिणाम दिसत नाही. ६जेशी संकर करून तो काढता येतो. मात्र सीआरबी१ उंदराच्या गुणसूत्र १ वर आहे, तुमचं जनुक त्याच्या जवळ असेल तर दोन्ही वेगळे करायला बऱ्याच पिल्लांची तपासणी करावी लागते.

आता प्रत्यक्ष कृती. ६जेसाठी आयआरबीपी या दृष्टिपटलातल्या प्रथिनाचं १–२० पेप्टाइड (पहिल्या वीस अमिनो आम्लांचा तुकडा), दर उंदराला सुमारे २०० मायक्रोग्रॅम. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवा. पूर्ण फ्रॉइंड अ‍ॅडजुव्हंटमध्ये (प्रतिकारशक्ती चेतवणारं, मृत जंतू घातलेलं तेल) मायकोबॅक्टेरियम २.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होईल इतकं वाढवा. पेप्टाइडचं द्रावण आणि अ‍ॅडजुव्हंट समान घेऊन, जोडलेल्या दोन काचेच्या सिरिंजांत बर्फावर घोटा. थेंब पाण्यावर टाकला तर तो पसरता कामा नये. पसरला तर आणखी घोटा. हे इमल्शन (तेल-पाण्याचं घट्ट मिश्रण) फुटलं की आजार उमटतच नाही. एकूण २०० मायक्रोलिटर त्वचेखाली द्या: दोन्ही मांड्यांत ५०-५० आणि शेपटीच्या मुळाशी १००. त्याच दिवशी पोटात १ मायक्रोग्रॅम पर्टुसिस टॉक्सिन (डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष). ते प्लास्टिकला चिकटतं, म्हणून पातळ करताना १ टक्का उंदराचं सीरम घाला. सुई स्वतःला टोचू देऊ नका, डोळ्यांवर चष्मा हवाच.

लक्षणं साधारण दोन आठवड्यांनी दिसतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जोर असतो. पहिलं फंडस चित्र मात्र इंजेक्शनच्या आधी घ्या. ट्रॉपिकामाइडने बाहुली मोठी करा, आणि केटामाइन-झायलाझिनची भूल दिल्यावर डोळ्यांवर जेल ठेवा, नाहीतर भिंग तात्पुरतं धुरकट होतं आणि ते दाहाची तीव्रता मोजणाऱ्या गुणांत धरलं जातं. दाहात दृष्टिचेतेच्या चकतीला सूज येते, रक्तवाहिन्यांच्या कडेने पांढरे पट्टे दिसतात, काचद्रव गढूळ होतो. इंजेक्शनच्या आधीही होते ते ठिपके गुणांतून वगळा.