स्लाइडवरची कास्ट

दुपारचे सॅम्पल्स संपत आले होते. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं: वय ६८, मधुमेह, दोन दिवस थंडी वाजून ताप, उलट्या. ताप कशाचा ते कळेना म्हणून सगळ्याच तपासण्या सांगितल्या होत्या. लघवीची त्यातलीच एक.

आमच्या टेक्निशियनने हाक मारली. "मॅडम, पस सेल्स भरपूर आहेत, जंतूही आहेत. पण हे जरा बघता का?"

मी मायक्रोस्कोपचा कंडेन्सर, म्हणजे उजेड एकवटणारी भिंग, खाली घेतला. कास्ट, म्हणजे साच्यात ओतल्यासारखी सूक्ष्म नळी, शोधायची तर उजेड कमीच हवा, नाहीतर ती नजरेतून निसटते. दिसली! दोन्ही कडा समांतर, टोकं गोलसर आणि आत शेंगेत दाणे भरावेत तशा गच्च पेशी. नुसता पुंजका असता तर कडा वेड्यावाकड्या असत्या. कव्हरस्लिपच्या काठाला ॲसिटिक ॲसिडचा थेंब सोडला, तशी केंद्रकं स्पष्ट झाली, दोन-तीन खंडांची. न्यूट्रोफिल्स, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी.

अंगावर काटा आला. अशी नळी मूत्राशयात घडतच नाही, ती मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकेतच ओतली जाते. ताप आणि जंतूंच्या जोडीला ही दिसली, म्हणजे संसर्ग वर पोचला होता.

या कास्टचा गर युरोमोड्युलिन नावाच्या प्रथिनाचा असतो. १९५० साली टॅम आणि हॉर्सफॉल यांनी ते लघवीतून वेगळं केलं. मूत्रपिंड ते रोज तयार करतं, निरोगी माणसातसुद्धा. ई. कोलाय आपल्या केसांसारख्या तंतूंनी मूत्रमार्गाच्या अस्तरावरच्या मॅनोज या साखरेला चिकटतो. युरोमोड्युलिनच्या अंगावरही ती साखर असते. जंतू अस्तर सोडून त्यालाच धरतो आणि लघवीबरोबर वाहून जातो. इतकी वर्षं हे काम करते, तरी मला याचं नवल वाटतंच. शिवाय मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी शिरते, त्यामुळे मूत्राशय भरलं की तिचं तोंड दाबलं जातं आणि लघवी सहसा उलटी वर चढत नाही. नलिकेतल्या काही पेशी तर जंतूंना लोह मिळू नये याचीही तजवीज करतात. पण मधुमेहात कधीकधी मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, आणि जंतूंना धुऊन काढणारा प्रवाहच मंदावतो.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. "आजींची लघवीची काहीच तक्रार नाही हो," ते म्हणाले.

"मागून बरगडीखाली हलकं थोपटून बघाल का?"

दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला. "उजवीकडे हात लावू देत नाहीत." कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या, रिपोर्टसाठी ते थांबले नाहीत. रक्त कल्चरला घेऊन त्याच संध्याकाळी शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी लघवीतले जंतू वाढवायला ठेवलेल्या मॅकॉन्कीच्या प्लेटवर गुलाबी वसाहती दाटल्या होत्या. ई. कोलायच निघाला.

उपचार संपल्यावर आजींचं सॅम्पल पुन्हा आलं, ते मी स्वतःच लावलं. बराच वेळ शोधल्यावर एक कास्ट सापडली. काचेसारखी नितळ, आत एकही पेशी नाही.