धारणीकडच्या एका गावात भूकंपाचा धोका तपासताना

काम होतं अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यातल्या एका गावाचं. जिल्हा परिषदेची शाळा आणि तिच्या आजूबाजूची घरं तपासायची होती. याच तालुक्यात साद्राबाडीला २०१८ च्या ऑगस्टमध्ये धक्क्यांची रांग लागली होती. त्यामुळे गावात पहिला प्रश्न हाच येतो, "आपण कोणत्या झोनमध्ये?"

झोन, म्हणजे नकाशावरचा भूकंपाच्या धोक्याचा पट्टा, बघावाच, पण तिथं थांबू नये. किल्लारी तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होती आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेचा भूकंप तिथंच झाला. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत झोन दोनचा धोक्याचा गुणांक ०.१० आहे, तिनाचा ०.१६. गाव दोन झोनच्या सीमेजवळ असेल तर वरचा झोन धरायचा, मी तोच धरला. दक्षिणेला गाविलगडचा भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, आणि उत्तरेला नर्मदेचा पट्टा असताना कमी धरणं मला पटत नाही.

नंतर विहिरी बघितल्या. बांधून न काढलेली विहीर म्हणजे जमिनीचा उभा छेदच असतो. वर काळी माती, मग मुरूम, मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, मध्येच गेरूचा तांबडा थर आणि खाली काळा पाषाण. दोर सोडून प्रत्येक थराची खोली लिहून घेतली. यंत्र लावण्याआधी हे करायलाच हवं. जमिनीच्या वरच्या थरांतून जाणाऱ्या लहरींचा वेग मोजायची जी पृष्ठलहरींची चाचणी असते, तिचं गणित बहुधा खोलीबरोबर वेग वाढतो असं धरून चालतं. ट्रॅपमध्ये, म्हणजे इथल्या लाव्हाच्या थरांच्या खडकात, कठीण पाषाणाखाली मऊ मांजऱ्या निघतो, आणि विहिरीची नोंद नसेल तर निकाल चुकतो.

चाचणीला जमिनीची कंपनं टिपणारे ४.५ हर्ट्‌झचे २४ जिओफोन, आठ किलोचा घण आणि लोखंडी प्लेट लागते. रेषेच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंतच दिसतं. त्यामुळे तीस मीटर खोली हवी असेल तर जिओफोन तीन-तीन मीटरवर, म्हणजे ६९ मीटरची रेषा. एकेका जागी दहा घाव घालून नोंदी एकत्र केल्या. खरी अडचण काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जिओफोनचा खिळा सैल बसतो आणि नोंदीत नुसता खडखडाट येतो. वरचा वीतभर थर काढून, पाणी शिंपून, माती ठोकून मग खिळा रोवायचा. जमलं तर हे काम दिवाळीनंतरच ठेवावं, जमिनीत ओल असते. शेतीपंपांची लाइन नसेल ती वेळ गाठायची आणि सागाच्या बुंध्यापासून लांब राहायचं, कारण वारा झाडाला हलवतो आणि झाड जमिनीला.

आकडा असा वापरतात: मऊ थर सहा मीटर आणि लहरींचा वेग सेकंदाला १५० मीटर असेल तर चौपट जाडी भागिले वेग, म्हणजे जमिनीचा आवर्तकाल, एक पूर्ण झोका घ्यायला लागणारा वेळ, ०.१६ सेकंद. एकमजली जड घराचा आवर्तकाल याच्या जवळपास येतो. दोन्ही जुळले की हादरा वाढतो.

सगळ्यात जास्त वेळ भिंतींच्या तड्यांना गेला. लोक प्रत्येक तडा भूकंपाचा सांगतात. काळ्या मातीवरच्या घराचा तडा जोत्यातून निघतो, एका टोकाला रुंद असतो, मे महिन्यात उघडतो आणि पावसाळ्यात मिटत येतो. भूकंपाचा तडा दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीसारखा पडतो, किंवा कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटतात. शंका असेल तिथं तड्यावर आडवी काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून शेजारी तारीख लिहिली; तडा हलला की काच तुटते. पहिल्या काही पट्ट्या आठवड्यात गळाल्या, कारण त्या गिलाव्यावर चिकटवल्या होत्या. गिलावा खरवडून थेट विटेवर लावल्या तेव्हा टिकल्या.

घरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कुडाच्या भिंती आणि लाकडी खांबांचं कवेलूचं घर हलतं, कवेलू घसरतात, पण माणूस सहसा वाचतो. किल्लारीला जीव घेतले ते मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि वरच्या मातीच्या धाब्यांनी. हिशेब करून बघा: तीन बाय चार मीटरची खोली, वर ४० सेंटिमीटर माती, घनमीटरला १,६०० किलो धरली तरी साडेसात टनांच्या वर वजन. तेवढ्याच खोलीवरचे पत्रे शंभर किलोही भरत नाहीत.

शाळा विटांची, भिंतींना एकत्र बांधणारा आडवा पट्टा नसलेली; इमारत किती महत्त्वाची यावर ठरणारा महत्त्व गुणांक १.५. झोन दोनच्या हिशेबानं आडवा जोर वजनाच्या साडेबारा टक्के येतो, तिनाच्या हिशेबानं वीस टक्के. अहवालात तीनच कामं मागितली: लिंटेलच्या पातळीवर भिंतीच्या दोन्ही अंगांनी वेल्डेड जाळी आणि सिमेंटचा सलग पट्टा, कोपऱ्यांत उभी जाळी, आणि छताच्या कैच्या भिंतीला बोल्टनं पक्क्या करणं. पट्टा दारावर किंवा कोपऱ्यात तुटला तर त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून मोजमाप वहीत ही ओळ वेगळी लिहायला लावली. काचपट्ट्या पोळ्यानंतर परत बघायच्या आहेत. तुटलेल्या किती, हे कळल्याशिवाय तड्यांचं पान भरायचं नाही.