बेंद्रे सरांनी डीनची खुर्ची सोडली तेव्हा

ड्रॉइंग टीचरची नोकरी सोडून आठ महिने झाले तरी लोक विचारतात, मग आता दिवसभर काय करता मॅडम? चित्रं काढते म्हटलं की पुढचा प्रश्न, ते ठीक आहे हो, पण बाकी काय?

अशा वेळी मला चित्रकार ना. श्री. बेंद्रे आठवतात. जन्म इंदूरचा, १९१० चा, चित्रकलेचे पहिले धडे तिथेच देवळालीकर मास्तरांकडे, मग १९५० ला बडोद्याला नवीनच निघालेल्या फाईन आर्ट्स फॅकल्टीत पेंटिंग शिकवायला गेले, १९५९ ला डीन झाले आणि १९६६ ला सरळ राजीनामा देऊन मुंबईत फक्त चित्रं काढत बसले. म्हणजे छप्पन्नच्या आसपास, जेव्हा आपल्याकडे माणूस पेन्शनचे कागद जमवायला लागतो!

मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांच्या विद्यार्थ्यांचं. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, दोघांची चित्रं शेजारी ठेवून बघा, एकातही बेंद्रे सापडत नाहीत. सोळा वर्षं शिकवून कुणावर आपला शिक्का बसू द्यायचा नाही हे किती अवघड असतं ते शिकवणाऱ्यालाच कळतं, कारण मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन ‘दे इकडे, मी दाखवते’ म्हणायची खाज जात नाही, मी तर बावीस वर्षं तेच केलं.

आणि त्याची परतफेड आता चालू आहे. इलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची तयारी करून घेता घेता माझाच हात परीक्षेचा झालाय. वस्तुचित्र म्हणजे मागे पडदा, पुढे मडकं आणि दोन फळं, सावली उजवीकडे. स्मरणचित्र म्हणजे पुढे तीन माणसं, मागे झाड, एक छत्री पाहिजेच. घरी मोठा कॅनव्हास लावला, वाटलं आता मोकळं होऊन काढू, तर तासाभरात त्यावर छत्रीवाला हजर! रंग चुकला की आधी मार्क किती कापले जातील तेच डोक्यात येतं. पहिले तीन महिने मी नुसते नमुने काढत होते, फळ्याशेजारी टाचणीने लावायचे असतात तसले.

बेंद्रेंनी मुंबईत आल्यावर पुढे ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं रंगवली, बायका, गावाकडचं जगणं वगैरे. काही जण त्याला नुसतं गोड गोड म्हणतात, म्हणू देत. मला त्या ठिपक्यांत घाई नसलेला माणूस दिसतो, घंटा होणार नाही हे माहीत असलेला. पिरियड पस्तीस मिनिटांचा असला की हाताला ते कधी जमतच नाही.

गेल्या आठवड्यात एक चित्र बरं झालं, छत्री-बित्री नाही, नुसती ओली भिंत. खूश होऊन कोपऱ्यात सही करायला गेले तर हातातून वह्या तपासतानाची ती शॉर्ट सही आली, खाली तारखेसकट. ती तशीच ठेवलीय.